ट्रककडे पाठ करू नका

मी एक जुना पोलादी शंकू आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून ठेवतो, मी फार रागावलेला आहे. वर तोंड अरुंद, खाली घेर मोठा, बाजूंना दोन कान आणि बुडाशी पाय रोवायला दोन पट्ट्या, असा माझा अवतार. मला पाहून काहीजण विचारतात, "ही काय, विदूषकाची टोपी?" विचारोत बापडे. कॅनडात, मॅनिटोबातल्या या नदीकाठच्या गावात सरकारी कामाचं जे काँक्रीट ओतलं गेलं, त्याची परीक्षा माझ्या पोटात झाली आहे.

परीक्षा अगदी सोपी असते. ओलं काँक्रीट माझ्यात थराथराने भरायचं, सळईने कोंचायचं आणि मला सरळ वर उचलायचं. मागे राहिलेला ढीग जरासा खचून उभा राहिला, तर माल चांगला. लापशीसारखा पसरला, तर त्यात पाणी जास्त, माल घेऊन आलेला ट्रक परत. पाणीदार काँक्रीट पसरायला सोपं जातं, काम लवकर उरकतं. पण इथल्या हिवाळ्यात त्याचे पापुद्रे सुटतात.

कारखान्यातून मी थेट बांधकाम खात्याच्या प्रशिक्षणाच्या अंगणात आलो. तिथे हेस्टर कोवालचुक नावाची बाई नव्या निरीक्षकांना शिकवायची. तिची एक खोड होती. शिकाऊ उमेदवार माझ्यावर वाकून सळई कोंचू लागला की ही मागून हळूच जायची आणि ट्रकवरचा पाण्याचा नळ सोडायची. तो खुशीत निकाल सांगेपर्यंत ट्रकमधला माल भलताच झालेला असायचा.

"कुठे बघत होतास रे?"

"शंकूत, बाई."

"शंकू काय पळून जाणार होता? ऊठ, इकडे तोंड करून बस. ट्रककडे पाठ केलीस की तुझी सगळी मेहनत फुकट!"

साइटवर खरोखर हेच चालतं, मित्रांनो. मुकादम पहिली ढकलगाडी भरून मोठ्या अदबीने निरीक्षकापुढे आणतो. निरीक्षक खाली वाकला की ड्रायव्हर मागे पाणी सोडतो. परीक्षा एका मालाची होते आणि ओतला जातो दुसराच.

हेस्टरच्या शेवटच्या तुकडीत जोलीन सिंक्लेअर होती. ती नदीपलीकडची. तिची मुलगी मेसी आणि तिकडची सारी मुलं शाळेत यायला हमरस्त्याच्या पुलाचा लांब वळसा घेत, नाहीतर हिवाळ्यात गोठलेल्या नदीवरून चालत येत. शाळेजवळ पायी जाणाऱ्यांसाठी पूल मंजूर झाला होता. त्या कामावर आपणच उभं राहायचं, असं जोलीनने मनाशी घेतलं होतं. हेस्टरने तिला इतक्यांदा फसवलं की एकदा तिने सळईच फेकली.

"तुम्ही मुद्दाम छळता मला!"

"मी छळते तेच बरं, बाळा. ड्रायव्हर छळत नाही, गोड बोलतो."

मग प्रेस्कॉट साहेब खात्याचे प्रमुख झाले. "चिखलात लोळून कोण शिकतं आजकाल?" असं म्हणून त्यांनी अंगणाला कुलूप ठोकलं. हेस्टरला केक कापून घरी पाठवलं. यापुढे निरीक्षक पडद्यावर चित्रफीत बघून शिकणार! आता त्या चित्रफितीत मागून कोण पाणी सोडणार, सांगा. आणि मला कुठे ठेवलं? स्वागतकक्षात. माझ्या पोटात ट्यूलिपची फुलं खोचली, तीही प्लास्टिकची! तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

पुलाचं काम निघालं तेव्हा जोलीनची नोकरी अजून कच्ची होती. तिने ती फुलं कचऱ्यात ओतली आणि मला साइटवर नेलं. लिओ मुकादमाने ढकलगाडी आणली. जोलीन गाडीला वळसा घालून ट्रककडे तोंड करून बसली. पहिला ढीग छान उभा राहिला. तेवढ्यात गॉर्ड ड्रायव्हरचा हात नळाकडे गेला आणि ट्रकमध्ये पाणी सुटलं.

"गॉर्डकाका, बंद करा ते!"

"अगं पोरी, घोटभर पाणी. माल घट्ट आलाय, लिओची पोरं पसरताना कंबरेतून मोडतील."

"मग पुन्हा परीक्षा घेणार मी."

"घे बाई, घे!" लिओ ओरडला. "आम्ही इथेच म्हातारे होतो!"

तिने ट्रकमधून नवा माल घेऊन मला भरलं आणि उचललं. लापशी! तिने ट्रक परत पाठवायला सांगितलं. लिओने फोन लावला, आणि प्रेस्कॉट साहेब चकचकीत बूट घालून आले.

"थंडी तोंडावर आलीय, जोलीन. आज ओतलं नाही तर काम वसंतावर जाईल."

"जाऊ द्या, साहेब. याच्यावरून माझी पोर चालणार आहे."

ट्रक परत गेला. दुसऱ्या दिवशी जोलीनही गेली. 'मिळूनमिसळून काम करत नाही' असं कारण दिलं, आणि कच्च्या नोकरीला तेवढं पुरतं. तिच्या जागी टायलर आला, चित्रफीत पाहून उत्तम गुणांनी पास झालेला. लिओने ढकलगाडी आणली. टायलर "आभारी आहे" म्हणाला आणि ट्रककडे पाठ करून बसला. माझ्या अगदी समोर गॉर्डने नळ सोडला. मला कान दोन, पण तोंड असून आवाज नाही! टायलरवर माझा राग नाही, त्याला कोणी शिकवलंच नव्हतं. ज्यांनी शिकवणं बंद केलं त्यांच्यावर आहे.

पुलाची फीत कापली, भाषणं झाली. दुसऱ्याच हिवाळ्यात पापुद्रे सुटले, कठड्याचे खांब हलू लागले. पुलाच्या दोन्ही टोकांना पिवळी पट्टी लागली, पूल बंद. प्रेस्कॉट साहेब म्हणाले, "यंदा थंडीच फार कडक." का हो, थंडी काय मॅनिटोबात यंदा पहिल्यांदा आली?

मित्रांनो, आता मी खात्याच्या खिडकीत बसून तुम्हाला बघतो. पाठीवर दप्तरं टाकून तुम्ही पुन्हा नदीवरूनच येता. मार्च लागलाय, बर्फ पातळ होतोय. जोलीन रोज सकाळी लोखंडी पहार घेऊन तुमच्या पुढे चालते, दर पावलाला बर्फ ठोकून बघते, मग एकेकाला सोडते. तिला हे काम कोणी दिलेलं नाही. माझी तुम्हाला एकच विनवणी आहे. एखाद्या सकाळी ती "आज नाही" म्हणेल, तेव्हा हुज्जत घालू नका, शाळा बुडाली तरी मुकाट्याने मागे फिरा. त्या बाईचं 'नाही' खात्याने ऐकलं नाही, तुम्ही तरी ऐका.