सात आखूड, एक लांब

"ताता, एकदा पास झालेला पेपर कुणी परत लिहितं का, सांगा!"

दाराखालून आत आलेला कागद हरिप्रियाने आजोबांच्या नाकासमोर फडकवला. जहाज सकाळीच विशाखापट्टणमहून चेन्नई बंदराला परत लागलं होतं. जुने प्रवासी बॅगा ओढत उतरले, नवे बॅगा ओढत चढत होते. पण ताता आणि हरिप्रिया उतरणारे नव्हते. त्यांची दुसरी सफर याच जहाजातून, याच केबिनमधून, आज संध्याकाळी सुरू होणार होती. थेट श्रीलंका! आणि कागद म्हणत होता की, सलग दुसऱ्या सफरीला थांबणाऱ्यांनीही दुपारच्या सुरक्षा सरावाला हजर राहायचं. जो येणार नाही त्याला जहाज सुटण्याआधी खाली उतरवलं जाईल.

"लिही म्हणतात तर लिहायचं," ताता, म्हणजे बालाजीराव, म्हणाले. "चल, आत्ताच जाऊन उभे राहू."

"आत्ता? अजून लोक चढतायत! मागच्या वेळीही तुम्ही सगळ्यांच्या आधी जाऊन लाइफ जॅकेट घालून बसलात. फोटो आहे माझ्याकडे."

"आधी गेलेलं बरं असतं कण्णा."

ताता सगळीकडे आधीच जात. बसस्टॉपवर, लग्नाला, दवाखान्यात. पस्तीसेक वर्षं चेन्नईजवळच्या अंबत्तूरच्या कारखान्यात पत्रा दाबणाऱ्या प्रेसवर काढली, ती शिस्त असणार, असं घरात सगळे म्हणत. बोलण्याचीही त्यांची एक तऱ्हा होती. पाठीमागून कुणी बोललेलं चालत नसे. "इकडं समोर ये की. तुझं तोंड बघू दे," म्हणायचे. किती गोड, असं हरिप्रियाला वाटे. आपले आजोबा आपल्याकडे बघूनच बोलतात. मैत्रिणींचे आजोबा तर टीव्हीकडे बघून बोलायचे.

यंदा सत्तरी झाली तेव्हा हरिप्रियाच्या वडिलांनी, अप्पांनी, शांतीचा बेत काढला. भटजी, कलश, पंगत, तंजावरचे सगळे नातेवाईक. ताता म्हणाले, "धूर नको रे. हनुमान उडी मारून लंकेला गेला, मी अंबत्तूरच्या पुढे नाही गेलो. मला जहाजात बसव." आणि सोबत कोण? तर दहावीची परीक्षा संपवून घरात धुमाकूळ घालणारी हरिप्रिया!

पहिल्या सफरीने तिचं पार डोकं फिरवलं होतं. चार दिवसांपूर्वी लिफ्टचं बटण दाबायला लाजणारी मुलगी आता नव्या प्रवाशांना रस्ता दाखवत हिंडत होती. आइस्क्रीम पाचव्या डेकवर, पोहायचा तलाव सगळ्यात वर, आणि डोसा खायचा तर मागच्या बाजूच्या काउंटरवर, पुढचा नुसता कागद आहे.

"तुम्ही सावकाश दाढी करा," तिने हुकूम सोडला. "मी वर जाते. सायरन झाला की सरळ जिन्याने आपल्या जागी या. सात आखूड, एक लांब. पाठ आहे ना?"

ताता काहीतरी म्हणणार होते. पण ती तोवर दाराबाहेर गेलीसुद्धा.

सायरन झाला तेव्हा तिचा आनंद काय वर्णावा! मागच्या वेळी दचकलेली ती, आता बोटांवर मोजत होती. नवे लोक गोंधळून इकडेतिकडे बघत होते आणि ही "ह्या बाजूनं या, वांगो, वांगो," असं मराठी-तमिळ करत त्यांना आपल्या जमायच्या जागी घेऊन आली. तिथली अधिकारी विद्युलता अलिबागची. पहिल्याच दिवशी तिला यांची तंजावरी मराठी ऐकून हसू फुटलं होतं आणि तेव्हापासून गट्टी.

"वा! नोकरी देऊ का तुला?" कार्ड तपासत विद्युलता म्हणाली. मग मशिनकडे बघून थांबली. "आजोबा कुठायत?"

"येतीलच."

सगळे आले. ताता आले नाहीत. सराव पुढे सरकेना. मागून एक काका तमिळमध्ये पुटपुटले, "एका माणसासाठी सगळ्यांना उन्हात वाळवतायत." विद्युलताने घड्याळ पाहिलं. उतरवलं तर? धक्क्यावर बॅगा, समोर जहाज जातंय, आणि ताता लंकेकडे हात हलवतायत?

ती धावली.

केबिनचं दार उघडलं. ताता दाराकडे पाठ करून गोल खिडकीपाशी बसले होते. दाढी झालेली, लुंगीसारखी पांढरी स्वच्छ वेष्टी नेसलेली, जॅकेट मांडीवर. छतातला स्पीकर किंचाळत होता. सात आखूड, एक लांब. पुन्हा सात आखूड.

"ताता!"

ते हलले नाहीत.

"ताता!!"

खिडकीतून ते बंदरातल्या क्रेनकडे बघत राहिले, अगदी निवांत, जसं काही आजूबाजूला चिटपाखरू नाही.

हरिप्रियाला त्यांचं नेहमीचं वाक्य आठवलं. इकडं समोर ये की. तुझं तोंड बघू दे. तिला एकदम सगळं कळलं.

ती पुढे जाऊन त्यांच्यासमोर उभी राहिली. तिचा चेहरा बघून ताता झटकन उठले.

"वाजला का?"

तिने मान हलवली.

"किती दिवस, ताता?"

"प्रेस बंद झाली तरी कानात चालूच राहिली. मग तीही थांबली." ते जॅकेटचे पट्टे ओढू लागले. "तुझ्या अप्पाला सांगू नकोस. कळलं तर घरात बसवेल. आणि इथं कळलं तर... बहिऱ्या माणसाला कोण जहाजात ठेवेल? लंका राहिली म्हण."

"कोणाला कळणार नाही," हरिप्रिया म्हणाली. "मी बघते."

जमायच्या जागी सगळ्यांच्या नजरा वळल्या. विद्युलता काही विचारण्याआधीच हरिप्रिया घडाघडा सुरू झाली. "माझी चूक! मीच त्यांना सांगितलं की दुसऱ्यांदा यायची गरज नाही म्हणून. ते येणारच होते, मीच..."

ताता तिच्या ओठांकडे बघत होते. एक एक शब्द त्यांनी वाचला असावा. त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला बाजूला केलं आणि प्रेसच्या गोंगाटावर चढवायचा तो आवाज लावला.

"पोर खोटं बोलते. मला तुमचा सायरन ऐकू येत नाही. कान अंबत्तूरलाच राहिले. उतरवायचं तर उतरवा, पण तिला ओरडू नका."

मघाचे काका पायाकडे बघू लागले.

विद्युलता तातांच्या अगदी समोर येऊन उभी राहिली. "आजोबा, हे पहिल्या दिवशी का नाही सांगितलंत?"

"तेव्हा सायरनच्या आधीच येऊन बसलो. काम भागलं."

"आणि रात्री, झोपेत वाजला असता तर?"

ताता जॅकेटचा पट्टा सोडून पुन्हा बांधू लागले.

"उतरवत नाही कुणी," विद्युलता म्हणाली. "अशा प्रवाशांसाठी आमच्याकडे सोय असते. फक्त आम्हाला माहीत पाहिजे. म्हणून तर हा सराव परत परत घेतो." मग हरिप्रियाकडे वळून, "आणि तू, नोकरी रद्द."

सराव संपल्यावर तिने स्वतः केबिनमध्ये येऊन भिंतीवर लुकलुकणारा दिवा लावला आणि उशीखाली एक चपटी गादी सरकवली. सायरन झाला की ती थरथरते म्हणे. बटण दाबून दाखवलं तर आडवे झालेले ताता "अय्यो!" करून ताडकन उठले. हरिप्रिया इतकी हसली की खाली बसली. "परत! परत दाबा!" तीन वेळा दाबायला लावलं. तिसऱ्या वेळी तातांनी उठताना मुद्दाम जास्त उडी मारली.

"हनुमान," ते म्हणाले.

संध्याकाळी सगळं जहाज कठड्याशी लोटलं. खाली दोर सुटले. पलीकडे शहराचे दिवे लागत होते.

"अप्पाला घरी गेल्यावर मीच सांगतो," ताता म्हणाले. "तू मध्ये बोलायचं नाही."

"सेरी, बरं," ती त्यांच्या समोर येऊन म्हणाली.

तेवढ्यात जहाजाचा भोंगा झाला. छातीत घुसणारा, लांबच लांब. लोकांनी कानांवर हात घेतले, बाळं रडली, हरिप्रियानेही कान गच्च दाबले. ताता एकटे ताठ उभे होते. उजवा तळवा त्यांनी लोखंडी कठड्यावर पसरून ठेवला होता, जसा प्रेस नीट चालतेय का बघताना ठेवत असतील.

भोंगा थांबला. सगळ्यांनी कानांवरचे हात काढले. तातांचा हात कठड्यावरच होता.

"हाताला अजून येतोय," ते म्हणाले.