मोलींचं पाणी

नागसेन सरांनी बदनापुरात बत्तीस वर्षं विज्ञान शिकवलं, त्यामुळे आपल्याला सगळंच कळतं हा समज त्यांच्या अंगात चांगलाच मुरला होता. सून रूपालीने माशांसाठी काचेची पेटी आणली तेव्हा त्यांनी सल्ला आधी दिला, पेटी नंतर पाहिली. "गोल्डफिश आण. डोळ्याला बरं वाटतं."

रूपालीने मान हलवली आणि आपल्याला पटलं तेच केलं. घरच्या बोअरचं पाणी मचूळ. ते बाटलीत भरून ती जालन्याच्या दुकानात गेली. दुकानदाराने त्यात पट्टी बुडवून पाहिली आणि सांगितलं, गोल्डफिशचे यात हाल होतील, मोली मात्र मजेत राहतील. त्यांना थोडा खारेपणा मानवतो. तिने सहा काळ्या मोली आणल्या आणि त्याने सांगितलं तसं मोजून दोन चमचे खडेमीठ पाण्यात सोडलं.

सरांना ते दिसलं नेमकं शेजारचे रामप्रसाद बसलेले असताना. "बघा, आमची सूनबाई माशांचं लोणचं घालून राह्यली!" रामप्रसाद पोट धरून हसले. रूपालीही हसली, पण तिचे कान लाल झाले होते.

पुढच्या आठवड्यात ती दोन दिवस मंठ्याला माहेरी गेली आणि इकडे सरांचे हात शिवशिवू लागले. त्यांच्या वडिलांना गावात पाणी मिळायचं ते वरून, ओंजळीत. म्हणून या घरात येईल त्याला, मग तो कुणी का असेना, गोडं पाणीच द्यायचं, असा सरांचा नियम. बोअरचं पाणी भांड्यांना आणि फरशीला. मग या मुक्या जिवांनीच काय पाप केलं होतं? सरांनी पेटी उपसली आणि फिल्टरच्या पाण्याचे दोन जार तिच्यात रिकामे केले. ऊर कसा भरून आला त्यांचा!

संध्याकाळी मोली पंख मिटून जागच्या जागी थरथरू लागल्या. घाबरून सरांनी मोबाइलवर शोधलं, तर तिथेही त्या दुकानदाराचंच म्हणणं लिहिलेलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सहाही गेल्या.

रूपाली आली ती पेटीपाशीच थबकली. "बाबा, माझंच मीठ जास्त झालं असंल. तुम्ही म्हन्ले होते, मीच ऐकलं न्हाई." खरं सांगायचं सरांच्या मनात होतं, पण त्यांनी पाणी काढायला मग तेवढा तिच्या हातात दिला.

मगाने पाणी काढता काढता ती थांबली. ओलं बोट तिने जिभेला लावलं. पाणी गोडं होतं. तिने एकदाच सरांकडे पाहिलं, सगळं समजली आणि चूक तिचीच असावी तशी मान खाली घातली. सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात रामप्रसाद आले. "काय सर, मेले म्हनं मासे? तुम्ही तं आधीच सांगितल्तं पोरीला."

"हो काका," त्यांच्यापुढे चहा ठेवत रूपाली म्हणाली, "मीठ जास्त पडलं माझ्याकडून."

चुकलं तर उभं राहून सांगा, असं जन्मभर पोरांना बजावणारे सर खुर्चीत अवघडून बसले होते. आता तरी बोललंच पाहिजे, असं ठरवून त्यांनी तोंड उघडलं.

"बशी आण गं पोरी," एवढंच बाहेर पडलं.