उतारावरची सभा

आमच्या जुन्या गाड्यांच्या क्लबात अकरा सभासद होते आणि अकराही जणांचं एका गोष्टीवर एकमत होतं: बाकीच्या दहा जणांना गाडीतलं काही कळत नाही. या क्लबाचा मी सहा वर्षं चिटणीस आहे. निवडणूक वगैरे झाली नव्हती. वही कोण धरणार असं विचारल्यावर सगळे आपापले बूट न्याहाळू लागले आणि माझी मान तेव्हा चुकून वर होती, एवढंच.

वही मात्र मी नेकीने चालवतो. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सभा. पानावर तीन रकाने: गाडी कोणाची, आली की नाही, न आल्यास कारण. तिसऱ्या रकान्यापायी मला पान आडवं धरावं लागतं. आमचे अध्यक्ष दंतवैद्य आहेत. त्यांनी एकदा ‘हवा दमट’ असं कारण दिलं होतं. खुर्चीतल्या पेशंटने असं काही सांगितलं असतं तर त्यांनी त्याची दुखत नव्हती ती दाढही काढली असती. त्यांच्या गाडीचं बॉनेट इतकं लखलखीत की त्यात बघून भांग पाडावा. ते उघडून दाखवा म्हटलं की मात्र अध्यक्षांना कुठेतरी जायचं असतं.

गेल्या वर्षी आम्ही बारा होतो. बारावा वखारवाला. त्याची गाडी विटांवर चढवलेली, आणि तो दर सभेला सायकलवरून यायचा. कारण काय लिहू, असं विचारलं की म्हणायचा, “चालत नाही. लिहा.” ना हवा दमट, ना घरी पाहुणे. मला तो उद्धटपणा वाटला. मी नियम मांडला: लागोपाठ तीन सभांना गाडी स्वतःच्या इंजिनावर आली नाही, तर नाव कमी. टाळ्या पडल्या. तीन महिन्यांनी मी वखारवाल्याचं नाव लाल शाईने कापलं. रेघ वाकडी येऊ नये म्हणून पट्टी घेतली, आणि रेघ सरळ आल्याचा आनंद दिवसभर टिकला, हेही इथे सांगून टाकतो.

आता माझ्या गाडीकडे येऊ. बाटलीसारखा हिरवा रंग, वयाने माझ्याहून चार वर्षांनी मोठी. घरात तिचा मानही मोठा, असं बायकोचं म्हणणं. बायको फिजिओथेरपिस्ट आहे. तिच्याकडे येतात ती माणसं नव्हेत, गुडघे, कमरा आणि माना येतात, आणि तिची खोली आमच्याच घरात, दोन जिने वर. “जो इथवर चढून येतो, त्याला माझी गरजच काय? आणि ज्याला गरज आहे तो खालूनच परत जातो,” असं ती म्हणते. खाली, रस्त्याच्या पातळीवर, ऐसपैस गॅरेज. त्यात हिरवी गाडी, रजई पांघरून.

गॅरेजमध्ये तिची खोली की माझी गाडी, यावर आमचं दर आठवड्याला वाजायचं. एकदा मी चिटणीसाच्या तोऱ्यात बोलून गेलो, “ज्या दिवशी या गाडीचं नाव क्लबातून जाईल, त्या दिवशी गॅरेज तुझं!”

“लिहून द्या.”

शहाण्या माणसाने हसून विषय बदलला असता. मला लिहायला सांगितलं की माझा हात थांबत नाही. मी लिहून दिलं, खाली तारीख घातली, सही केली. बायकोने तो कागद भिंतीवर, मणक्याच्या चित्राशेजारी डकवला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत आमच्या मिस्त्रीची पाठ गेली. क्लबातल्या बहुतेक गाड्यांचा वैद्य हा एकच माणूस. तो कुणाच्या तरी गाडीखालून बाहेर येताना तसाच राहिला, धड उभा नाही, धड वाकलेला नाही. माझ्या गाडीचा पेट्रोलपंप त्या वेळी त्याच्या टेबलावर, सुटा करून, एका ताटात होता. तो तसाच राहिला. दुसऱ्या कुणी ताटाला हात लावायची माझी छाती झाली नाही.

पहिली सभा चुकली, दुसरी चुकली. म्हणजे मी गेलो होतो, बसने. गाडी गेली नव्हती. आणि मला नवल याचं वाटलं की मी पोचायच्या आत बाकी सगळ्या गाड्या मैदानात झाडाखाली ओळीने हजर. मिस्त्री अंथरुणाला खिळलेला आणि यांच्या गाड्या ठणठणीत! सभा संपल्यावर कुणी हलायचंही नाही. “तुम्ही व्हा पुढे, आम्ही जरा सावलीत बसतो,” म्हणायचे. मला वाटायचं, केवढं हे गाड्यांवरचं प्रेम.

तिसऱ्या सभेच्या आदल्या दिवशी मी मेहुण्याला गाठलं. तो पाण्याचे जार पोचवतो, त्याच्याकडे पिकअप आहे.

“भाऊजी, ओढत थेट मैदानात नेऊ की.”

“मैदानात नाही रे बाबा. अलीकडे तो उतार आहे ना, त्याच्या डोक्यावर सोड.”

“आणि पुढे?”

“पुढे उतार आहे म्हटलं ना. गाडी आपोआप जाईल. मी आत बसलेला असेन. साडेसहाला नेलीस तर बघायला कोण असणार?”

“पण तुमचा नियम तर इंजिनाचा आहे.”

“नियम मी केलाय. मला शिकवू नकोस. आणि ताईला सांगू नको.”

“मी काय लहान आहे का भाऊजी?”

हा माणूस वयाच्या चौथ्या वर्षापासून बहिणीला सगळं सांगत आलेला आहे, आणि मला ते ठाऊक होतं. पण गरज पडली की आपल्याला ठाऊक असलेल्या गोष्टीही कशा अंधुक होतात.

रविवारी साडेसहाला आम्ही उताराच्या डोक्यावर पोचलो, तर तिथे एक गाडी आधीच उभी. अध्यक्ष स्वतः गुडघ्यांवर बसून दोरखंडाची गाठ सोडत होते. पुढे त्यांच्या जावयाची जीप.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. ते उठले, गुडघे झटकले.

“काय, सकाळी सकाळी?” त्यांनी विचारलं.

“जरा हवा खायला. तुम्ही?”

“दोरी सापडली रस्त्यात. म्हटलं कुणाची असेल.”

“दुसरं टोक जावयाला बांधलेलं दिसतंय.”

ते काही बोलणार, तेवढ्यात मागून अजून एक गाडी आली, ट्रॅक्टरच्या मागे. तिच्यामागे एक मालवाहू रिक्षा, तिच्यामागे आमच्या खजिनदारांची मानाची गाडी, साखळीने बांधलेली. सातपर्यंत त्या वळणावर दहा गाड्या जमल्या. एकाचंही इंजिन चालू नाही. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मिस्त्रीची पाठ गेली त्याच आठवड्यात खास बैठक बोलावून सभेसाठी हे मैदान घ्यायचं ठरलं, तेव्हा ठराव एकमताने झाला होता. चहा साखरेचा की बिनसाखरेचा यावर तीन सभा खाणारी ही माणसं! मी तेव्हा सावलीवर बारा मिनिटं भाषण केलं होतं आणि ठराव माझ्या वाणीमुळे पास झाला असं धरून चाललो होतो.

लाज वाटायला हवी होती, पण तेवढा वेळ नव्हता. आधी कोण उतरणार यावर तिथेच वाद पेटला. वयाने मोठी गाडी आधी, असं अध्यक्ष म्हणाले, आणि दहाही जणांनी आपापल्या गाडीचं वय तीन-चार वर्षांनी वाढवलं. शेवटी वही मला काढावी लागली. वहीप्रमाणे माझा नंबर दुसरा. मला तिथेसुद्धा बरं वाटलं.

मग आम्ही उतरलो. ब्रेकवर पाय, काच खाली, कोपर बाहेर, चेहऱ्यावर खानदानी भाव. आवाज फक्त टायरांचा. अध्यक्ष पुढच्या गाडीत तोंडाने इंजिनाचा आवाज काढत होते की नाही, याबद्दल क्लबात अजून दोन मतं आहेत.

खाली झाडाखाली एक छोटी पांढरी गाडी उभी होती. शेजारी घडीच्या खुर्चीवर आमच्या मास्तरीणबाई, हातात चहाचा कप. निवृत्त, विषय गणित. क्लबात एकट्या त्याच मिस्त्रीकडे जात नाहीत. पुस्तक उघडून बॉनेटवर ठेवतात आणि स्वतः दुरुस्त करतात, त्यामुळे आम्ही त्यांना हौशी म्हणतो. त्यांच्याशेजारच्या खुर्चीवर माझी बायको. मी वळून पाहिलं. उतारावरून पिकअप घेऊन येणारा मेहुणा एकदम आरशात स्वतःचे केस बघू लागला.

“वा,” बाई म्हणाल्या, “दहा गाड्या आणि टाचणी पडली तरी ऐकू येईल. कोणतं ऑइल घालता हो तुम्ही?”

अध्यक्ष माझ्याजवळ आले, हळूच म्हणाले, “लिहून टाका. दहाही आल्या. घरचंच मैदान आहे.”

“लिहा की,” बाई म्हणाल्या, “वखारवाल्याने खरं सांगितलं तर त्याचं नाव गेलं. तुम्ही एकाही महिन्यात खरं सांगितलं नाही, तुमची नावं पक्की. उत्तर बरोबर येतंय, पायऱ्या चुकल्यात.”

मी वही उघडली. बायकोने नुसतं टोपण काढून पेन माझ्याकडे केलं. भांडली असती तर मी खोटं लिहिलं असतं, अगदी त्वेषाने लिहिलं असतं. पण ती चहा पीत होती, आणि माझ्या मनात आलं की आमच्या क्लबात चालू स्थितीत असलेली एकच गोष्ट आहे, ती म्हणजे ही वही. तीही बंद पाडली तर मी चिटणीस कशाचा? दहा ओळींत मी ‘आली नाही’ लिहिलं. बाकीच्यांचा हा पहिलाच खाडा, कारण आधीच्या दोन्ही सभांना ते वहीत हजर होते. तिसरा फक्त माझा. माझ्या नावावर रेघ मीच मारली, पट्टीशिवाय. ती वाकडी आली.

“अहो, असं काय करता?” खजिनदार कळवळले. “बोलून मार्ग काढला असता. नियमच बदलू!”

“बदलूच!” सगळे म्हणाले. क्षणभर मला ही माणसं फार थोर वाटली. मी वही त्यांच्यापुढे सरकवलीदेखील.

तेव्हा बायकोने कप खाली ठेवला. “तुमचा मिस्त्री मागच्या महिन्यात माझ्याकडे आला होता. पहिल्या जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसला, अर्धा तास उठता येईना, तसाच परत गेला. खाली जागा असती तर रोज व्यायाम करून घेतला असता. सहा आठवड्यांत गाडीखाली गेला असता.” ती माझ्याकडे बघतही नव्हती. “पण खाली जागा नाही.”

दहा बंद गाड्यांचे नऊ मालक माझ्याकडे बघू लागले. मी त्यांना सहा वर्षं ओळखतो, पण हिशेब करताना त्यांचे चेहरे इतके सारखे दिसतात हे तेव्हाच कळलं.

“नियम म्हणजे नियम,” अध्यक्ष म्हणाले.

“चिटणिसांनीच केलेला,” खजिनदार म्हणाले.

नियम आहे तसाच ठेवायचा ठराव एकमताने पास झाला. मला मत नव्हतं. वही मात्र माझ्याकडेच ठेवायचं ठरलं, कारण ती धरायला कोण तयार आहे असं बाईंनी विचारल्यावर पुन्हा सगळ्यांनी बूट पाहिले.

“आता?” मी बायकोला विचारलं.

“आता गाडी मिस्त्रीच्या अंगणात. तसंही तुमचं निम्मं प्रेम तिथेच असतं. उद्या गॅरेज धुऊन द्या, परवा तो येतोय.”

“परवा? म्हणजे तू आधीच…”

“तुमचा शब्द होता ना. तारखेसकट.”

मेहुण्याने दोरखंड बांधला. बायको पिकअपमध्ये त्याच्याशेजारी बसली आणि मी मागे हिरव्या गाडीत, हातात स्टीअरिंग, पुढे दोन भावंडांच्या हसण्याने हलणाऱ्या पाठी. चौकात सिग्नल लागला. गॅरेज गेलं, सभासदत्व गेलं, असा मी खिन्न होऊन बसलो होतो. तेवढ्यात फुटपाथवरचा एक गृहस्थ काचेजवळ वाकला.

“किती सालची हो?”

मी कोपर बाहेर काढलं. साल सांगितलं. मग मूळ रंग, मग आधीचे तीन मालक, मग या मॉडेलच्या आता फारच थोड्या गाड्या उरल्यात हे सांगितलं.

“मग ओढून का नेताय?”

“फार नाजूक असतात,” मी म्हणालो. “यांना रहदारीत कशाला दमवायचं?”

दिवा हिरवा झाला, दोरी ताणली गेली, आणि माझं वाक्य संपायच्या आत बायकोने मला पुढे नेलं.