शंकांची वही

घरात माझं नाव 'घाईराव' पडलं ते मी सहा वर्षांचा असताना, अनवाणीच शाळेत पोचलो त्या दिवशी. नाव बाबांनी ठेवलं. बाबा माझ्या अगदी उलट. चाळीस वर्षं त्यांनी एकाच प्रकाशकाकडे प्रुफं तपासली. पान छापायला जाण्याआधी डोळ्यांत तेल घालून वाचायचं, चूक दिसली की समासात खूण करायची, आणि जिथे खात्री नाही तिथे आपल्या मनाने काही न बदलता शंका लिहून लेखकाकडे पाठवायची, हे त्यांचं काम. तोच त्यांचा धर्मही. औषधाच्या खोक्यातली घडी घातलेली चिठ्ठीसुद्धा ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात आणि तीत चूक सापडली की दिवसभर खूश असतात.

निवृत्तीनंतरही मालक त्यांना घरी काम पाठवत. आता कागदांऐवजी फाइल येणार, म्हणून मी त्यांना कॉम्प्युटर घेऊन दिला. मी स्वतः याच धंद्यातला. लहान ऑफिसांचे कॉम्प्युटर सांभाळतो. दर सहा महिन्यांनी तिथल्या लोकांना गोळा करून 'वाचल्याशिवाय काहीही दाबू नका' यावर तासभर भाषणही ठोकतो. प्रकाशकाचं ऑफिस माझ्याकडेच आहे, बाबांच्या शब्दावर मिळालेलं.

कॉम्प्युटर आला आणि बाबांचे फोन सुरू झाले.

"अरे, इथे एक चौकट आलीये. तीत लिहिलंय की..."

मी तेव्हा कुठल्या तरी टेबलाखाली वायरींच्या गुंत्यात उताणा पडलेला असायचो. "हो दाबा, बाबा."

"पण पुढे बरंच लिहिलंय. वाचून दाखवू?"

"ते वाचायचं नसतं. जगात कोणी वाचत नाही ते. हो दाबा."

पलीकडून "बरं" यायचं आणि फोन बंद व्हायचा. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! ही म्हण मी लहानपणी पाठ केली होती, तरी तेव्हा एकदाही आठवली नाही.

चार महिन्यांपूर्वी मालकांकडे मोठा गोंधळ झाला. एका नावाजलेल्या बाईंची कादंबरी छापून यायच्या आत लोकांच्या फोनवर फिरायला लागली. पानन्‌पान, अगदी बाबांनी तपासायला घेतलेल्या प्रतीसारखं. मालकांनी मला बोलावलं. मी ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर तपासले, ते स्वच्छ निघाले. मालक टेबलावर बोटं वाजवत म्हणाले, "मग उरले तुझे वडीलच. त्यांनी कोणाला वाचायला दिली असेल का रे?"

त्याच क्षणी 'मी घरचा कॉम्प्युटर बघून सांगतो' असं म्हणायला हवं होतं. ते मला सुचलं नाही असं नाही. पण तिथे काही सापडलं असतं, तर तो कॉम्प्युटर कोणी लावून दिला हा पुढचा प्रश्न आला असता. मी म्हणालो, "वय झालंय त्यांचं. चुकून कुणाला पाठवली असेल."

त्यानंतर बाबांकडे प्रुफं आली नाहीत. ते मला म्हणाले, "डोळे थकले. मीच सोडलं काम." मी लगेच विश्वास ठेवला. सोयीचं होतं ना.

गेल्या रविवारी त्यांचा फोन आला. कॉम्प्युटर गोगलगायीला लाजवेल असा चालत होता, आणि वर्तमानपत्र उघडलं की केस उगवायच्या तेलाच्या जाहिराती पडदाभर येत होत्या. बाबांना टक्कल आहे. "यंत्राला माझी फार काळजी," ते म्हणाले. मी हसत हसत गेलो.

खोली नेहमीसारखी होती. खिडकीशी टेबल, त्यावर भिंग, लाल पेन्सिली एका पेल्यात, सगळ्या टोक काढून ठेवलेल्या. चार महिन्यांत एकही झिजली नव्हती. बाबा बाजूच्या खुर्चीवर बसले. मी आधी इंटरनेटची वायर उपटली. कॉम्प्युटरमध्ये कोणी लपून बसला असेल, तर पहिल्यांदा त्याचा बाहेर बोलायचा रस्ता तोडायचा, मग त्याला शोधायचं. चालू होताना आपोआप काय काय सुरू होतं त्याची यादी उघडली. तिथे नको तो एक पाहुणा होता. जुन्या फॉन्टमधला मजकूर नव्या फॉन्टमध्ये बदलून देणारा फुकटचा प्रोग्राम.

"हा कुठून आणलात?"

"मालकांच्या जुन्या फाइली उघडल्या की नुसती चिन्हं दिसायची. त्यासाठी शोधला. तुला विचारून घेतलाय," बाबा म्हणाले आणि चहा करायला आत गेले.

मला आठवेना. फॉन्ट बदलण्याचं काम तो करत होता, इमानेइतबारे. शिवाय आणखी एक काम करत होता. खोल एका फोल्डरमध्ये, साध्या नजरेला दिसणार नाही असा, पडद्याच्या फोटोंचा ढीग निघाला. दर दोन मिनिटांनी एक फोटो. बाबा जे जे बघत, लिहीत, ते सगळं टिपून तो बाहेर पाठवत होता. एक फोटो उघडला. कादंबरीचं एकशे बारावं पान, बाजूला बाबांची खूण. काही फोटोंनंतर एकशे तेरावं. बाबा पान किती निगुतीने वाचतात ते त्या फोटोंत दिसत होतं. एका पानाचे सहा-सहा फोटो होते.

चोर सोडून संन्याशाला फाशी झाली होती, आणि दोर मी दिला होता.

फोटो पुढे सरकवत गेलो. गोंधळ झाला त्या आठवड्यातल्या एका दुपारचा फोटो आला. बाबा मालकांना मेल लिहीत होते. 'सप्रेम नमस्कार. कादंबरी मी कोणालाही दिलेली नाही. मजजवळ शंकांची वही आहे. ती पाहिल्यास आपली खात्री पटेल.' पुढच्या फोटोत शेवटची दोन वाक्यं नव्हती. त्याच्या पुढच्यात फक्त 'सप्रेम नमस्कार' उरलं होतं. नंतर कोरा पडदा. तसे सात फोटो होते. म्हणजे बाबा जवळजवळ पंधरा मिनिटं कोऱ्या पडद्यासमोर बसून होते.

बाबा चहा घेऊन आले. मी विचारलं, "शंकांची वही कुठाय?"

त्यांनी पडद्याकडे पाहिलं, कप खाली ठेवला आणि खणातून एक लांब वही काढून दिली. अक्षर मोत्यासारखं. मध्ये रेघ. डावीकडे मथळा 'शंका', उजवीकडे 'घाईराव म्हणतात'. प्रत्येक चौकटीतला मजकूर तारीख-वेळ घालून उतरवलेला. उजवीकडे पानांमागून पानं, 'हो दाबा.' 'हो दाबा.' 'नंतर बोलू, हो दाबा.' पानं उलटत तो प्रोग्राम घेतला त्या तारखेपाशी मी पोचलो.

'कलम नऊ: वापरणारा जे लिहील व पडद्यावर पाहील, त्याची नोंद ठेवून ती अन्य व्यक्तींना देण्याचा अधिकार राहील. माझ्याकडे लोकांची न छापलेली पुस्तके असतात. संमती द्यावी काय?'

उजवीकडे: 'हो दाबा. सगळं वाचत बसलात तर कामं कधी करणार?'

त्यांनी वाचलं होतं. हजारांत एखादा वाचतो, तसं नवव्या कलमापर्यंत वाचून, नेमकी ओळ पकडून त्यांनी मला विचारलं होतं. आणि मी त्यांना ती ओळ पुरी वाचूही दिली नव्हती. मला स्वतःची इतकी लाज वाटली की मान वर करवेना.

"बाबा," मी म्हणालो, "मालकांनी विचारलं तेव्हा मी..."

"ठाऊक आहे. ते म्हणाले, तुमचा मुलगाही तेच म्हणतो."

"तरी तुम्ही वही दाखवली नाहीत? ही दाखवली असती तर तुमच्यावर बोट आलं नसतं."

"उजव्या बाजूला तू होतास ना," बाबा म्हणाले. "तिथलं काम तुझं. त्यांनी हे वाचलं असतं तर तुला एक दिवस ठेवलं नसतं. चहा गार होतोय."

मला रडू आलं. बाबांनी खिडकीकडे बघायला सुरुवात केली, त्यांना असल्या वेळी काय करायचं ते सुचत नाही. मग मी कामाला लागलो, कारण मला तेवढंच येतं. फोटो आणि तो प्रोग्राम पुरावा म्हणून वेगळ्या ड्राइव्हवर घेतले. असल्या पाहुण्याला नुसतं बाहेर काढून भागत नाही, तो कुठे काय ठेवून गेला ते कळत नाही, म्हणून कॉम्प्युटर पुसून कोरा केला आणि सगळं नव्याने चढवलं. बाबांचे पासवर्ड माझ्या लॅपटॉपवरून बदलले. त्यांना वेगळं खातं करून दिलं, ज्यातून कुठलाही प्रोग्राम परवानगीशिवाय आत येऊ शकणार नाही. हे पहिल्या दिवशी करायला मला अर्धा तास लागला असता.

मध्येच एक चौकट आली. नियम आणि अटी. मी म्हणालो, "बाबा, वाचा की. मी थांबतो."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "नको. तू म्हणतोस ते खरं, कोणी वाचत नाही. दाब हो." त्यांचा आवाज साधा होता, टोमणाही नव्हता त्यात. तेच मला सहन झालं नाही. मी ती चौकट पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचली.

मग मालकांना मेल लिहायला घेतली. कादंबरी कुठून फुटली, कलम नऊ काय होतं, बाबांनी काय विचारलं, मी काय उत्तर दिलं, आणि नंतर त्यांच्यासमोर बसून मी काय बोललो, सगळं लिहिलं. फोटो आणि वहीचं पान जोडलं.

"आता कशाला?" बाबा म्हणाले. "पुस्तक छापून आलंसुद्धा. चाळीस चुका राहिल्यात त्यात." त्यांनी ती प्रत विकत आणून वाचली होती तर.

"तुम्ही फक्त तपासून द्या."

त्यांनी चष्मा परत चढवला. पडद्याला नाक लागेल इतके जवळ गेले आणि चार महिन्यांनी पहिलं प्रूफ वाचायला घेतलं. मी घड्याळाकडे पाहिलं नाही. वाचून झाल्यावर त्यांनी एकही दुरुस्ती सांगितली नाही. वही ओढली, नव्या पानावर रेघ मारली, तारीख-वेळ घातली आणि डावीकडे लिहिलं:

'सदर पत्र पाठवल्यास लिहिणाऱ्याचे काम जाईल. माझे परत येईलच असे नाही. पाठवावे काय?'

उजवी बाजू कोरी ठेवून त्यांनी वही माझ्याकडे सरकवली. आजवर तिथली माझी सगळी उत्तरं त्यांनीच उतरवून घेतली होती. मी ती शंका दोनदा वाचली, त्यांच्या हातातून पेन्सिल घेतली आणि उजवीकडे माझ्या गिचमिड अक्षरात लिहिलं, 'हो. पूर्ण वाचलं.'