दीड किलो

कपड्यांच्या कारखान्यात बटणं लावणाऱ्या एका बाईची सहा वर्षांची मुलगी शाळा सुटली की तिथल्याच पाळणाघरात यायची. मुलीला मूत्रपिंडाचा आजार होता. रोजच्या गोळ्यांनी तिचा चेहरा फुगला होता, आणि पाळणाघरात तिचं नाव पडलं होतं ढब्बी.

त्या वर्षी कारखान्यात आरोग्य अधिकारी म्हणून एक उत्साही बाई रुजू झाल्या. लहानांना आणि मोठ्यांना एकदमच चांगल्या सवयी लावायच्या, असा त्यांनी चंग बांधला. लिफ्ट बंद झाली. दर सोमवारी कामगार आणि त्यांची मुलं सगळ्यांसमोर वजनकाट्यावर उभी राहू लागली. वजन उतरलं की टाळ्या. वाढलं की बाई लाडानं विचारायच्या, "कुणी काय चोरून खाल्लं बरं?" लोक पोट धरून हसायचे. आपली पाळी झालेली असली की हसू जरा जास्तच येतं.

ढब्बीला पहिल्याच सोमवारी सगळे हसले. आई तिचा हात धरून बाईंपाशी गेली.

"मॅडम, गोळ्यांनी जाड झालीय ती. डॉक्टरांची चिठ्ठी आहे."

"चिठ्ठ्या सगळ्यांकडेच असतात हो. घरचं वळण काय आहे ते तुमच्याकडे बघूनच कळतंय."

सुपरवायझर फिदीफिदी हसला. आईनं चिठ्ठी घडी करून पर्समध्ये ठेवली, आणि घरी जाताना मुलीवर खेकसली, "जरा कमी गिळ. माझी शोभा करू नकोस."

मुलीनं ते मनावर घेतलं. डबा ती संडासात ओतू लागली. चौथ्या सोमवारी तिचं वजन दीड किलो उतरलं. बाईंनी तिला कडेवर उचलून घेतलं. "बघा, ठरवलं की जमतं!" सगळ्यात जास्त वेळ टाळ्या आईनं वाजवल्या.

गुरुवारी पाळणाघराचा जिना चढताना मुलगी ओकली आणि खाली बसली. मदतनीस बाई म्हणाली, "नाटकं पुरे. चढ." ती आडवी झाली तेव्हा कुठे धावपळ सुरू झाली.

इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या कधीपासून बंद केल्यात?"

"बंद कशा असतील? रोज मीच हातावर ठेवते."

"मी थुंकते," मुलगी पुटपुटली. "त्यांनीच जाड होते ना मी? तूच मॅडमना सांगितलंस."

चार दिवसांनी ती उठून बसली. मूत्रपिंडाला मात्र इजा झाली होती, ती भरून येईल की नाही हे डॉक्टरही सांगेनात. त्याच दुपारी अधिकारी बाई सफरचंदं आणि एक कागद घेऊन आल्या.

"आजाराची कल्पना तुम्ही आम्हाला दिली नव्हती, एवढंच लिहिलंय. नोकरीची काळजी करू नका."

आईनं सही केली. वर "थँक यू मॅडम" म्हणाली. बाईंच्या चपलांचा आवाज लांब जाईपर्यंत ती उभी राहिली, आणि मग वळून तिनं मुलीच्या थोबाडीत मारली.

मुलगी रडली नाही. तिनं एक सफरचंद उचललं आणि आईकडे बघत घाईघाईनं खायला लागली.