शेकडा दोन

मी काटा. बाभळीचा नव्हे; तो रुतला तर सुईनं काढता येतो. मी कापूस तोलणारा काटा. माझ्या पारड्यात एका माणसाचं वाटोळं झालं आणि त्या वेळीही माझी दांडी अगदी सरळ होती, हे आधीच सांगून टाकतो.

माझी दांडी चिखलदऱ्याच्या डोंगरातल्या सागाची. अंजनगावच्या एका लोहारानं तिच्या मधोमध भोक पाडून लोखंडी खीळ बसवली, दोन्ही टोकांना साखळ्या लावल्या आणि साखळ्यांना फळ्यांची पारडी टांगली. मग एक डोळा मिटून त्यानं मला उचलून धरलं आणि म्हणाला, "याच्यात खोट नाही." ती अजूनही नाही.

अमरावतीच्या कापूस बाजारातले अडते वामनराव यांनी मला विकत घेतलं आणि वखारीच्या दारात तिवईला टांगलं. ते अठराशे एकसष्ट साल होतं. दूर अमेरिकेत लढाई पेटली होती. तिथला कापूस विलायतेला जाईनासा झाला आणि आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. अकोटाकडून, अकोल्याकडून गाड्यांवर गाड्या येत. माझी पारडी सकाळपासून दिवस मावळेपर्यंत खालीवर होत राहायची.

माझ्यावर मापारी म्हणून सहदेव उभा राही. जातीनं माळी. जमीनदार पंजाबरावांची दोन एकरांची बाग तो खंडानं करायचा. वांगी, मेथी, झेंडू आणि विहिरीच्या कडेनं अकरा लिंबाची झाडं. लिंबं त्याच्या बायकोनं, मनकर्णानं, लग्नाच्या पहिल्या वर्षी रोप आणून लावलेली. सकाळी दोघं भाजी विकायची आणि दुपारपासून सहदेव वखारीत तोलाला यायचा. बाग हा पहिला धंदा, तोल हा दुसरा.

इतर मापारी पारड्याला गुडघा लावत, दांडीला बोट लावत. सहदेव दोन्ही हात पाठीमागं बांधून उभा राही. शेतकरी म्हणत, "आमचा माल सहदेवच तोलन." पहिला तोल झाला की रीतीप्रमाणं तो 'एक' म्हणायचा नाही, 'लाभ' म्हणायचा. लाभ, दोन, तीन. त्याचा तो 'लाभ' बाजाराच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाई. मला तो आवाज फार आवडायचा.

शंभर तोलांमागं त्याला दोन रुपये मिळत. 'शेकडा दोन' म्हटलं की काय, तर मापाऱ्याच्या हातात पडतं ते. त्याच्या बापालाही शेकडा दोनच मिळत होते. या दोन शब्दांचा दुसरा काही अर्थ असू शकतो हे त्या घरात कुणाच्या गावीही नव्हतं.

अशात पुढच्या साली एके दिवशी बाजारात दवंडी आली. सरकारनं कमाईवर नवी पट्टी बसवली होती. डफडं वाजवणारा ओरडला, "वर्षाची कमाई दोनशेच्या वर, त्याले शेकडा दोन होऽऽ!"

अर्थ सरळ होता. दोनशेच्या वर कमावलं तर सरकार शंभरातले दोन घेणार. सहदेवाची बागेची कमाई एकशे साठ, तोलाची एकशे चाळीस, झाले तीनशे. त्यावर पट्टी सहा रुपये. सहा देऊन दोनशे चौऱ्याण्णव घरी न्यायचे, एवढीच ती गोष्ट. पण सहदेवाच्या कानाला 'शेकडा दोन' म्हणजे हातात पडतं ते. त्यानं ऐकलं ते असं, की दोनशेपर्यंत आपलं, आणि त्यावरच्या दर शंभरात आपल्याला दोनच. बाकीचे अठ्ठ्याण्णव सरकारचे.

तो तडक वामनरावांच्या गादीपाशी आला. चेहरा उजळलेला, जणू कुलपाची किल्ली सापडली होती.

"मालक, दवंडी आयकली का? दोनशेच्या वर गेलो तं शंभरातले मले दोनच भेटतीन. मंग मी वर जातो काहून? तुमी मले तोलाचे चाळीसच द्या. बागेचे एकशेसाठ अन् हे चाळीस, झाले दोनशे. बाकीचे शंभर तुमच्यापाशीच राहू द्या. कुठी लिहू नका."

वामनराव पान लावत होते. चुन्याचं बोट तसंच हवेत राहिलं. त्यांनी सहदेवाकडं पाहिलं, मग मुनिमाकडं. मुनिमानं खाली मान घातली. त्याचे खांदे हलत होते.

"सहदेवा," वामनराव म्हणाले, "तू म्हणतं तसंच. लय हुशार आहेस गड्या."

बस, एवढंच. खोटं ते एक अक्षर बोलले नाहीत. होकार दिला फक्त. माझ्या दांडीवर कुणी बोट ठेवलं असतं तर मी ओरडलो असतो. पण तिथं कुणी बोटच ठेवलं नव्हतं.

सहदेवाची छाती फुगली. सरकारला शेंडी लावल्याचा त्याला असा काही हर्ष झाला, की येणाऱ्या-जाणाऱ्या शेतकऱ्यालाही तो सांगू लागला, "दोनशेच्या वर जाऊ नका, बाप्पा." शेतकरी हसून पुढं जात. चार दिवसांत साऱ्या बाजाराला कळलं. हमाल त्याला 'शेकडा दोन' अशी हाक मारू लागले आणि तो त्या हाकेला खुशाल ओ देऊ लागला. आपल्या अकलेचं कौतुक होतंय असं त्याला वाटायचं. मला लाज वाटायची, पण लाकडाची लाज कोण बघतो!

एकदाच कुणीतरी खरं बोललं. मनकर्णा दुपारी त्याची भाकर घेऊन आली होती. माझ्या पारड्याशेजारी बसून तो जेवत होता.

"अवो," ती म्हणाली, "दोनशेच्या वरचं सारं सरकारच नेत असन, तं वामनरावाच्या घरावर दुसरी माडी कशी चढून राह्यली?"

सहदेवाचा घास थांबला. क्षणभर वाटलं, आता याच्या डोक्यात उजेड पडतो.

"मोठ्या लोकाईचं येगळं असते, मनकर्णे," तो म्हणाला. "तुले नाही समजनार."

 तिनं फडकं झटकलं आणि लिंबाला पाणी द्यायचं म्हणून उठली.

त्याच सुमारास पंजाबरावांनी बागेचा विषय काढला. भाजीचे वाफे मोडून जो तो कापूस लावत होता. ते म्हणाले, "सहदेवा, तूच बाग इकत घेत असशीन तं तीनशे आन. पासष्टच्या आखाजीलोक थांबतो. नाही आनले तं सारं उपटून कापूस लावतो." आखाजीलोक म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत. सहदेवानं तिथंच मान डोलावली. वामनरावांकडं दर साली शंभर पडत होते. तीन हंगामांत तीनशे. बाग आपलीच झाली, असं त्यानं मनकर्णाला सांगितलं. तिनं त्या वर्षी झेंडूच्या जागी आणखी चार लिंबं लावली.

मधल्या काळात सरकारनं पट्टीची हद्द दोनशेवरून पाचशेवर नेली. म्हणजे सहदेवाला एक कवडीही लागणार नव्हती. ही बातमी वामनरावांनी वखारीत मोठ्यानं सांगितली, पण सहदेवाला आधी चुना आणायला धाडून. तो परत आला तेव्हा सगळे इतके हसत होते, की तोही हसायला लागला. काय झालं ते त्यानं विचारलंसुद्धा नाही.

पासष्टची आखाजी दोन दिवसांवर आली, तेव्हा सहदेव आणि मनकर्णा वखारीत आले. तिच्या हातात रुपये बांधायला नवं फडकं होतं. वामनरावांनी हमालांना बोलावलं, शेजारच्या अडत्यांनाही बोलावणं धाडलं. तमाशा बघायला जमतात तसे लोक माझ्याभोवती जमले.

"सहदेवा, माह्याकडे तुह्ये तीनशे. बरोबर?"

"बरोबर, मालक."

"अन् ते दोनशेच्या वरचे?"

"हो जी. म्हून तं तुमच्यापाशी ठेवले."

"मंग दोनशेच्या वरच्याले किती भेटते?"

सहदेव हसला. त्याला वाटलं, थट्टा चालली आहे. "शेकडा दोन," तो म्हणाला.

वामनरावांनी सहा कलदार रुपये काढले आणि एकेक करून माझ्या डाव्या पारड्यात टाकले. "तीनशेचे सहा. तुह्याच हिशोबानं. मोजून घे."

लोक फुटल्यासारखे हसले. सहदेव अजून हसतच होता. त्याचं हसणं तोंडावरून उतरायला वेळ लागला. मग वामनरावांनीच त्याला समजावून सांगितलं, शांतपणे, पान चघळत. सरकार शंभरातले दोन मागत होतं. द्यायचे होते ते सहा, आणि तेही पहिल्याच वर्षी. त्यानंतर काहीच नाही.

"तीन साल!" सहदेवाचा आवाज चिरकला. "तुमी मले सांगतलं काहून नाही?"

"तू इचारलं कुठी, लेका? तूच तं साऱ्याइले सांगून राह्यला होता."

"बाकीचे द्या मालक. माही बाग जाते."

"कुठी लिहू नका, हे कोन म्हनलं होतं?" वामनरावांनी वही उघडून त्याच्यापुढं धरली. तीन सालं, तीनदा चाळीस. त्याखाली काही नाही. "मोज बे, मापारी आहेस ना?"

सवय फार वाईट. सहदेवाचे हात आपोआप पाठीमागं गेले. पारड्यातल्या रुपयांकडं बघत तो म्हणाला, "लाभ. दोन. तीन. चार. पाच. सहा." तोच आवाज, बाजाराच्या दुसऱ्या टोकाला जाणारा. त्या टोकालाही लोक हसले. मी मात्र सहा रुपये सहाच तोलले. त्याबद्दल मी स्वतःला आजही माफ करत नाही.

रुपये मनकर्णानं उचलले आणि नव्या फडक्यात बांधले. कुणी काही म्हणायच्या आत तीच म्हणाली, "फेकून देले अस्ते तं अजून हासले अस्ते तुमी. दोन महिन्याची जवारी येते याच्यात."

आखाजीच्या दुसऱ्या दिवशी पंजाबरावांनी बागेत माणसं घातली. सगळी लिंबं तोडली. पंधरा दिवस होत नाहीत तोच बातमी आली की अमेरिकेतली लढाई संपली, आणि कापसाचा भाव दगडासारखा खाली आला. ती बाग कुणाच्याच कामाची राहिली नाही.

पुढच्या हंगामात सहदेव वखारीत परत आला, कारण दुसरं जाणार कुठं? पहिली गाडी आली, पहिला तोल झाला. शेतकरी कान देऊन उभा होता. सहदेव म्हणाला, "एक."

शेतकऱ्याचा चेहरा उतरला. असला अपशकुन कोण घेईल? दुसऱ्यालाही तेच, तिसऱ्यालाही तेच. संध्याकाळी वामनरावांनी त्याला काढून टाकलं. दुसरा धंदाही गेला.

मग रेल्वे आली, विलायती लोखंडी काटे आले, आणि वामनरावांनी मला मोडीत काढलं. पंजाबरावांनी स्वस्तात घेतलं. आता मी त्या बागेच्याच जागेत आहे, विहिरीवर मोटेसाठी उभ्या केलेल्या खांबांना टांगलेला. खाली कापूस. वेचणाऱ्या मजुरांत सहदेव आणि मनकर्णा असतात. संध्याकाळी जो तो आपलं गाठोडं माझ्या पारड्यात ठेवतो आणि पंजाबरावांचा माणूस 'लाभ' म्हणून मोजायला लागतो. मनकर्णाचं गाठोडं आलं की ती पारड्याकडं बघत नाही. जिथं तिची लिंबं होती तिकडं बघते.

माझा सागही आता किडत चालला आहे. फार दिवस तोलणं होणार नाही. जाताना मागणं एकच. तुमच्या बाजारातही कुणीतरी उलटा अर्थ धरून मोठ्या आनंदानं जगाला सांगत असेल. तो तुमच्या दारावरून जाईल तेव्हा त्याला थांबवा आणि सांगा. मला तीन वर्षं सारं ठाऊक होतं, पण मला तोंड नव्हतं. बाजारात दोनशे माणसं होती, आणि प्रत्येकाला होतं.