डावा कान

हेल्मेटच्या आत मास्तरांनी मान खाली घातली, नाक स्पंजच्या छोट्या गादीवर दाबलं आणि जोर केला. काचेतून त्यांचे गाल फुगलेले दिसले. समोरच्या स्टुलावर बसलेल्या तिने वहीत आकडा लिहिला : चार.

सूटमधला दाब आणखी एक टप्पा वाढला. मास्तरांनी पुन्हा नाक दाबलं. पाच. मग लगेच, दाब तेवढाच असतानाही, सहा.

गेल्या वर्षभरात हीच चाचणी तिने अकरा वेळा पाहिली होती. कानाचे दडे सोडवायला मास्तरांना दोनदापेक्षा जास्त नाक दाबावं लागलेलं तिने पाहिलं नव्हतं. त्यांनी हातमोज्यातला अंगठा वर केला, तंत्रज्ञाने झडप सोडली, खोलीतली माणसं हातातले कागद आवरू लागली. तिने सहाच्या आकड्यापुढे तारीख घातली. सोमवार होता.

यानात शास्त्रज्ञासाठी जागा एकच आणि ती मास्तरांची. ती स्वतः त्यांच्या जागी राखीव. मास्तर जे जे शिकले ते ते तिनेही शिकायचं, गरगर फिरवणाऱ्या यंत्रात बसून तिनेही ओकायचं, त्यांच्या सूटशेजारी तिच्या मापाचाही सूट टांगून ठेवायचा, आणि उड्डाणाच्या दिवशी कुंपणाशी उभं राहून हात हलवायचा. आईने हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हणाली होती, "म्हणजे बारावा गडी. पाणी घेऊन पळणारा." मामाने तर भेटेल तिथे एकच प्रश्न लावून धरला होता, "काय गं, अजून जमिनीवरच?" नऊ वर्षं तो हा विनोद करत होता आणि नऊ वर्षं ती त्याला हसत होती.

खरं तर ती मुळांची माणूस. वाटाण्याचं मूळ खाली जातं हे कुणीही सांगेल. पण खाली म्हणजे कुठे हे मुळाला कसं कळतं, यावर तिने आयुष्याची सात वर्षं घातली होती. मग माणूस नसलेल्या एका यानातून तिची चाळीस रोपं वर गेली आणि सगळीच्या सगळी वाळून परत आली. पाण्याच्या नळीत हवेचा बुडबुडा अडकला होता आणि टिचकी मारायला तिथे कुणी नव्हतं. "एक टिचकी हो," प्रयोगशाळेत येईल त्याला ती सांगत सुटली होती. "एका टिचकीपुरतं माणूस हवं होतं." दुसऱ्या दिवशी तिच्या दारावर अंतराळवीरांच्या भरतीची जाहिरात चिकटवलेली होती. खाली मास्तरांचं अक्षर : माळीणबाई, मग स्वतःच जा की.

मास्तर हे तिचे खरेखुरे मास्तर. विद्यापीठात स्फटिकांचा विषय शिकवायचे. नोंदवही कशी लिहायची ते तिला त्यांनीच शिकवलं. दिसलं की लिही, अर्थ नंतर लाव. तारखेशिवाय नोंद म्हणजे अफवा. चुकलं तर खोडरबर नाही, एक सरळ रेघ. भरतीच्या रांगेत तेही होते, तिच्या पुढे दोन माणसं सोडून. त्यांचं पहिलं उड्डाण मोहीमच गुंडाळल्यामुळे हुकलं, दुसरं पुढे पुढे जात विरून गेलं. आता ते बावन्न वर्षांचे होते आणि तिसरं उड्डाण नऊ दिवसांवर आलं होतं. चौथं मिळणार नव्हतं. हे त्यांना ठाऊक होतं, तिला ठाऊक होतं, जेवण आणून देणाऱ्या माणसालासुद्धा ठाऊक होतं.

बाहेरची सर्दी-पडशी लागू नये म्हणून सगळ्यांना दोन आठवडे एका लांबट इमारतीत ठेवलं होतं. सोमवारी दुपारपासून तिच्या पायाला भिंगरी लागली. कॉरिडॉर एकेचाळीस पावलांचा होता. ती जायची, यायची, आणि वाटेत मास्तर भेटले की उगाच पाण्याची बाटली शोधायला लागायची. कॉरिडॉरच्या टोकाला, डॉक्टरबाईंच्या दारावर, नियम लिहिलेला होता : जे दिसेल ते त्याच दिवशी सांगा. नऊ वर्षांत तो तिने इतक्यांदा वाचला होता की आता तो रंगासारखा भिंतीत मुरला होता. सोमवारी मात्र तो प्रत्येक फेरीला दिसत होता.

कान बंद असणं म्हणजे काही फार मोठं दुखणं नव्हे. पण वर केबिनमधली हवा निसटली तर दाब झपाट्याने बदलतो. मोकळा कान ते सोसतो. बंद कानाचा पडदा फाटतो, डोकं गरगरतं, आणि नेमक्या त्या वेळी त्या माणसाच्या हाताशी तिघांच्या जिवाची बटणं असतात. सांगायला हवं होतं, यात शंका नव्हती. पण सांगितलं की मास्तरांची जागा जाणार आणि ती जाणार कुणाकडे, तर सांगणारीकडे. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली होती.

मंगळवारी तिने प्रयोग केला. चौघं पत्ते खेळत होते. मास्तरांच्या डाव्या हाताला बसून ती अगदी हळू म्हणाली, "मास्तर, इस्पिकची राणी माझ्याकडे आहे."

मास्तरांनी शांतपणे इस्पिकचा गुलाम टाकला.

"अहो, ती सांगतेय तुम्हाला!" समोरून यानाचा कप्तान हसला. मास्तरही हसले, पण कप्तानाच्या तोंडाकडे बघून, आणि क्षणभर उशिरा. तिने राणी टाकून हात उचलला. जिंकलेले पत्ते गोळा करताना तिचे कान तापले होते. आपण हे त्यांच्या जिवासाठी करतोय की त्यांच्या खुर्चीसाठी, हे तिला सांगता आलं नसतं. खोलीत जाऊन तिने तेही लिहिलं : डावीकडून कुजबुज, ऐकू नाही. मंगळवार.

रोज सकाळी डॉक्टरबाई ताप बघायच्या, घसा बघायच्या आणि विचारायच्या, "काही तक्रार?" मास्तर म्हणायचे, "सूपमध्ये मीठ कमी." मग डॉक्टरबाई तिच्याकडे वळायच्या. "आणि तुमची?" ती मान हलवायची. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं तिला वाटायचं की बाई आपल्याकडे अंमळ जास्तच बघतायत. कान, नाक वगैरेंची पक्की तपासणी शनिवारी होती. तोवर नाकात थेंब घालून कान वरवर मोकळा करता येतो, हे मास्तरांना कळत होतं. तिलाही कळत होतं.

बुधवारी ती सूट ठेवायच्या खोलीसमोरून चालली होती. दार उघडं होतं. आपण आत कधी गेलो, आपल्या सूटची बाही हातात कधी घेतली, हे तिला कळलंच नाही. कापड गार आणि जाड होतं. तिने ती बाही चटका बसावा तशी सोडली आणि उभ्या उभ्या वही काढून लिहिलं : मला जायचं आहे. वरील निरीक्षणं तेवढी कमी विश्वासार्ह धरावीत. खाली तारीख घातली. मग बराच वेळ ती व्यायामाच्या फिरत्या पट्ट्यावर धावत राहिली, इतका की तिथल्या माणसाने येऊन यंत्र बंद केलं.

गुरुवारी आई भेटायला आली. मधे काच, दोन्ही बाजूंना एकेक फोन. आई चौतीस वर्षं इस्पितळात नर्स होती. माणूस समोर आलं की आधी डोळ्यांखाली बघायची तिला सवय.

"बारीक झालीस."

"काचेमुळे दिसतं तसं."

"काच काही कुणाला बारीक करत नाही. काय झालंय?"

तिने फोनची वायर बोटाला गुंडाळली.

"आई, तुझ्या वॉर्डात तुला कुणाची चूक दिसली असती, आणि ती सांगितल्यावर बढती तुलाच मिळणार असती, तर?"

"आली होती अशी वेळ एकदा."

"मग?"

"मग काय, सांगितलं तिथल्या तिथे. उशीर केला असता तर लोकांनी माझी बढतीच बघितली असती, पेशंटकडे कुणी बघितलं नसतं." आईने फोन दुसऱ्या कानाला लावला. "खरं सांगू? तरीही बढतीच बघितली त्यांनी. दोन वर्षं माझ्याशी कुणी धड बोललं नाही. पण मला झोप लागायची."

तिने बोटाची वायर सोडवली.

"तुझे किती दिवस झाले?"

"तीन."

आईने काचेवर बोटाने टकटक केलं. "मग इथे माझं तोंड काय बघत बसलीस? जा."

मास्तर बैठकीच्या खोलीत चष्मा पुसत बसले होते. ती मुद्दाम त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन बसली. तेवढ्यावरूनच ते समजले असावेत, कारण त्यांचा हात थांबला.

"मास्तर, डावा कान."

"पडसं होतं थोडं. उतरलंय. होईल शनिवारपर्यंत मोकळा." मग म्हणाले, "लिहिलंस?"

"हो."

"तारीख घातलीस?"

"सोमवार."

"सोमवार!" मास्तरांनी पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघितलं. "आणि आज येतेस? हे शिकवलं मी तुला?"

त्यांच्या रागाची तिने तयारी केली होती, पण या रागाची नाही.

"मला वाटलं कुणाच्याच लक्षात आलेलं नाही," ते आवाज उतरवून म्हणाले. "म्हणून मी... शनिवारपर्यंत थांब ना. दोनच दिवस." एका मार्कासाठी पोरं त्यांच्या टेबलाशी यायची, तसा तो आवाज होता.

ती उठली. "मी सांगायला चाललेय, मास्तर. तुम्ही येता बरोबर?"

मास्तरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, परत काढला. "हो पुढे," ते म्हणाले. "मला पाच मिनिटं लागतील."

डॉक्टरबाईंनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "कधी लक्षात आलं?"

"आज" म्हणायला काही लागत नव्हतं. आज दुपारी, पत्ते खेळताना. तिने वही टेबलावर ठेवली आणि पान उघडून दिलं. बाईंनी सोमवार वाचला, मंगळवार वाचला. बुधवारपाशी त्या थांबल्या आणि तिथे त्यांना जरा वेळ लागला.

"स्वतःचा स्वार्थ जी तारीख घालून लिहिते, तिच्या बाकीच्या नोंदींवर माझा विश्वास बसतो," त्या म्हणाल्या. "पण ते तीन दिवस तुमच्या कागदावर लागतील. मी वगळणार नाही."

"नका वगळू," ती म्हणाली.

तेवढ्यात दारावर टकटक झाली. मास्तर आत आले आणि कुणी काही म्हणायच्या आत तपासणीच्या खुर्चीत जाऊन बसले, डावा कान दिव्याकडे करून. पडद्यामागे पाणी साचलेलं निघालं. बरं व्हायला किमान तीन आठवडे.

शुक्रवारी सकाळी समितीने दोन ओळींचा निर्णय कळवला. दुपारी तिला सूट चढवायला चौघं लागले. इतके दिवस स्टुलावरून बघितलेली खोली सूटमधून फारच लहान वाटत होती. हेल्मेटची कडी बसली आणि स्वतःचा श्वास मोठ्याने ऐकू यायला लागला. नोंदी घ्यायला कोण बसणार हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मास्तर आले, तिच्या स्टुलावर बसले, तिचीच वही मांडीवर घेतली आणि हेडफोन सरकवून उजव्या कानावर नीट बसवला. तिच्याकडे त्यांनी बघितलं नाही. पेनाचं टोपण मात्र त्यांना दोनदा लावून दोनदा काढावं लागलं.

ते बघितलं आणि तिचा बांध फुटला. हेल्मेटमध्ये डोळे पुसता येत नाहीत, नाकही पुसता येत नाही. सगळं तसंच वाहू द्यावं लागतं. दाब वाढायला लागला. तिने नाक गादीवर दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. उजवा सुटला. तिसऱ्यांदा सगळा जोर लावला तेव्हा कुठे डाव्या कानात टक् झालं.

मास्तरांनी लिहिलं. मग त्यांचा आवाज तिच्या कानात आला, वर्गात यायचा तसाच कोरडा.

"माळीणबाई, तीन."

"रडल्यामुळे, मास्तर. नाक भरलंय."

"अर्थ नंतर लावू." त्यांनी तारीख घातली, तिच्याखाली एक रेघ ओढली आणि आता मान वर केली. त्यांचेही डोळे काही कोरडे नव्हते. "डॉक्टरबाईंना हे आज सांगू, की सोमवारी?"

तिला हसू फुटलं आणि त्याने नाक आणखीच भरून आलं.

"आज," ती म्हणाली.

डॉक्टरबाईंना बोलवायला मास्तरांचा हात तोवर वर गेला होता.